मुंबईत नातेवाइकांकडे राहायला जाताय? त्याआधी एवढं समजून घ्या

नोकरीची मुलाखत असते, स्पर्धा परीक्षा असते, कुणाला टाटा किंवा केईएमला दाखवायचं असतं, कुणी पहिल्यांदाच कामाला लागलेलं असतं. गावाकडून मुंबईला येणाऱ्या माणसाचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरीच पडतो. मामाकडे, चुलत बहिणीकडे, वडिलांच्या जुन्या मित्राकडे. ही मुंबई अशीच वसली आहे. गिरण्यांच्या काळात एका खोलीत एकाच गावचे दहा-बारा पुरुष पाळीपाळीने झोपत. गोव्यातल्या गावांनी धोबीतलाव, माझगावच्या बाजूला आपापल्या गावकऱ्यांसाठी क्लब काढले, त्यांना आजही कूड म्हणतात. तेव्हा नातेवाइकांकडे उतरण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त त्या घरात कसं राहायचं हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी घराचा आकार डोळ्यांसमोर आणा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींतलं घर २२५, २६९ किंवा ३०० चौरस फुटांचं. वन बीएचके म्हणजे बरं घर, आणि त्यात चार-पाच माणसं. गावाकडे ओटी, माजघर, परसदार असतं. कुणाला एकटं बसायचं असेल तर तो उठून मागच्या पडवीत जातो. मुंबईच्या घरात उठून जायला जागाच नसते, म्हणून इथल्या माणसांनी आपला खासगीपणा वेळेत वाटून घेतलेला असतो. सहा ते साडेसहा बाथरूम वहिनीचं, साडेसहाला मुलीचं, दुपारी दोन ते चार आजींची झोप, रात्री दहानंतर नवरा-बायकोचं बोलणं. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण त्यावर घर चालतं. पाहुणा जागा फारशी अडवत नाही, तो ही वेळापत्रकाची घडी मोडतो. ती मोडू न देणं हेच तुमचं मुख्य काम, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

फोन करताना

"येतोय दोन-चार दिवसांसाठी" असं मोघम सांगू नका. कशासाठी येणार, कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने, किती जण, आणि परतीचं तिकीट कधीचं, हे पाचही आधी सांगा. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा. घरच्यांना तुमच्या येण्याचं ओझं क्वचितच होतं. कधी जाणार हे माहीत नसलं की मात्र होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपण फोन मामाला करतो, पण घर मामी चालवते. मामाने "अरे ये की, विचारतोस काय!" म्हटलं तरी एक फोन मामीलाही करा. "मामी, १२ तारखेला माझी परीक्षा आहे. ११ ला सकाळी येईन, १३ ला रात्रीच्या गाडीने परत. तुमच्याकडे त्या दिवसांत काही कार्यक्रम, मुलांच्या परीक्षा वगैरे नाही ना? अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, माझ्या मित्राची खोलीही आहे." या शेवटच्या वाक्याची फार गरज असते. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची जीभ होत नाही. नाही म्हणायची वाट तुम्हीच उघडून दिलीत तर त्यांनाही हो मनापासून म्हणता येतं. आणि ती दुसरी सोय खरोखर बघून ठेवा, नुसती बोलण्यापुरती नको.

पथ्यपाणी असेल, घोरण्याचा त्रास असेल, रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल, तर फोनवरच सांगा, म्हणजे कुणाला कुठे झोपवायचं हे त्यांना ठरवता येतं. ताप, खोकला, डोळे आलेले असतील तर यायचं पुढे ढकला. एका खोलीत राहणाऱ्यांना आजारी माणसापासून लांब राहता येत नाही.

काय आणायचं

रिकाम्या हाताने कुणी जात नाही, हे सांगायला नको. पण आणलेली वस्तू त्या घरात ठेवायला जागा लागते. अर्धं पोतं तांदूळ, दोन फणस, दहा किलो ज्वारी हे प्रेमाने आणलेलं असलं तरी मुंबईच्या स्वयंपाकघरात ते ओट्याखाली मावत नाही. थोडं आणि टिकणारं आणा. कोकणातून आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी. देशावरून गूळ, शेंगदाणे, काळा मसाला. विदर्भातून संत्री, सरगुंडे, सांडगे. सुकी मासळी आणायची असेल तर आधी विचारा. घरात खात असले तरी बंद फ्लॅटमध्ये तो वास जायला दोन दिवस लागतात, आणि काही इमारतींत शेजाऱ्यांची कुरकुर घरच्यांना ऐकावी लागते.

स्वतःसाठी आणायच्या गोष्टी: टॉवेल, पांघरायची चादर, साबण, फोनचा चार्जर, आणि ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी. सामान एकाच बॅगेत, पलंगाखाली सरकेल अशा. घरच्यांचा टॉवेल मागायची वेळ येऊ देऊ नका.

पोहोचणं

कोकणकन्या, महालक्ष्मी, देवगिरी, विदर्भ या गाड्या रात्रभर धावून सकाळी मुंबईत आणून सोडतात, म्हणजे नेमक्या घरातल्या सगळ्यात धावपळीच्या वेळी. पाच-सहाला उतरलात तर स्टेशनवर तोंड धुऊन, चहा घेऊन थोडं थांबलेलं बरं. "मी किती वाजता आलो तर तुम्हाला बरं पडेल?" हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. कुणी म्हणेल साडेसातच्या आत ये, नंतर घराला कुलूप असतं. कुणी म्हणेल नऊनंतर ये. घर ठाण्या-कल्याणला असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, मध्येच उतरा. सकाळी शहराकडे येणाऱ्या लोकलमध्ये मोठं सामान घेऊन चढणं स्वतःला आणि इतरांनाही त्रासाचं असतं. चुकून सीएसएमटीला पोहोचलातच, तर त्या वेळी तिथून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते.

गेटवर सुरक्षारक्षक नाव, फ्लॅट नंबर विचारेल, वहीत लिहायला लावेल, कुठे फोनवरून घरच्यांची परवानगी घेईल. यात अपमान मानू नका आणि त्याच्याशी हुज्जत घालू नका. तुम्ही परत जाल, घरच्यांना त्याच्याशी रोजचा संबंध आहे. विंगचं अक्षर आणि मजला आधीच लिहून घ्या. एकाच सोसायटीत ए-३०२ आणि सी-३०२ दोन्ही असतात, आणि भलत्याच घराची बेल सकाळी सहाला वाजवली तर ती तक्रारही घरच्यांकडेच येते.

दाराबद्दल एक सांगायलाच हवं. मुंबईच्या बहुतेक फ्लॅटना लॅच असतं, दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. कचऱ्याची पिशवी ठेवायला नुसतं बाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने दार लागलं की घरात गॅसवर दूध आणि तुम्ही जिन्यात. बाहेर जाताना चावी आणि फोन खिशात हवाच. घरी एकटे असाल तर जाळीचं दार बंद ठेवूनच बोला. कुणी आलं तर घरच्यांना फोन लावा, तोवर आत घेऊ नका.

पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या

चहा झाला की दहा मिनिटं घरच्या बाईंजवळ बसा आणि सरळ विचारा. पाणी कधी येतं? सकाळी बाथरूमला कोण कधी जातं, मी कधी जाऊ? कपडे कुठे वाळत घालू? रात्री दिवे किती वाजता बंद होतात? कोण कुठे झोपतं? कुणाचं घरून काम चालतं का, त्यांच्या मीटिंगा कधी असतात? मला वाटतं की या एवढ्या प्रश्नांनी निम्मा प्रश्न सुटतो. घरच्यांना स्वतःहून हे सांगणं जड जातं, पाहुण्याला नियम काय सांगायचे असं वाटतं त्यांना. तुम्ही विचारलंत की त्यांना हायसं वाटतं.

पाणी आणि बाथरूम

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. बहुतेक भागांत महापालिकेचं पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं. इमारत ते टाकीत साठवते आणि बऱ्याच सोसायट्या सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळीच सोडतात. उन्हाळ्याच्या शेवटी तलाव खाली गेले की वर कपात लागते, २०२४ च्या जूनमध्ये ती दहा टक्के होती. म्हणून विहिरीवर आंघोळ करायची सवय असलेल्यांनी इथे एक बादली हे माप धरावं. भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी विचारल्याशिवाय घेऊ नका, ते दुपारच्या भांड्यांचं असतं.

सकाळी सहा ते नऊ ही वेळ ज्यांना लोकल गाठायची आहे त्यांची. तुम्हाला अकराला कुठे जायचं असेल तर सगळे गेल्यावर आंघोळ करा. तुम्हालाच पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्री आंघोळ उरका. गीझर बंद करा, फरशीवरचं पाणी ओढा, केस उचला, आपले ओले कपडे आत सोडू नका. चाळीत असाल तर संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून असतो. त्याची चावी, बादली आणि रांग याची रीत घरातल्या एखाद्या मुलाला विचारा, तो दाखवतो.

कपडे वाळत घालताना घरच्या बायकांच्या कपड्यांवर आपले कपडे टाकू नका, त्यांचे हलवूही नका. दोरीवर जागा नसेल तर हँगरवर घालून खिडकीच्या गजाला अडकवा. हे बारीकसं वाटेल, पण लहान घरात संकोच नेमका इथे होतो.

रात्र, झोप आणि घरच्यांचा एकांत

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

वन आरकेमध्ये, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याच घरात, पाहुणा आला की घराची रात्र बदलते. रोज बाहेरच्या खोलीत झोपणारं जोडपं स्वयंपाकघरात गादी टाकतं, किंवा मुलगी आजीजवळ जाते आणि मुलगा गॅलरीत. तुम्हाला पलंग दिला असेल तर कुणीतरी खाली झोपलं आहे, हे धरूनच चाला. म्हातारं माणूस खाली झोपणार असेल तर पलंग नाकारा, आग्रह झाला तरी. बाकी कुणाच्या बाबतीत फार ताणू नका, "नाही-नाही" करत अर्धा तास सगळ्यांना उभं ठेवणंही त्रासाचंच.

दिवे बंद झाल्यावर फोन पांघरुणात. आवाज बंद, उजेड कमी, आणि गावी बोलायचं असेल तर जिन्यात किंवा खाली आवारात जा, तिथेही हळू. पहाटेचा गजर उशाखाली कंपनावर ठेवा. सकाळी जाग आल्यावर सगळे झोपलेले असतील तर भांड्यांचा आवाज करत चहा करायला जाऊ नका. पडून राहा किंवा खाली फेरी मारून या. उठल्याबरोबर आपली गादी घडी करून ठरलेल्या जागी ठेवा. त्याशिवाय त्या खोलीत दिवस सुरूच होऊ शकत नाही.

बेडरूम असेल तर त्या दारातून आत जाण्याआधी टकटक करा, दार उघडं असलं तरी. एकच खोली असेल तर टकटक करायलाच जागा नाही, अशा वेळी वेळेवर लक्ष ठेवावं लागतं. वहिनी आंघोळ करून बाहेर येण्याची वेळ झाली की पेपर घेऊन गॅलरीत जा. तिला "जरा बाहेर जाता का" असं सांगावं लागू नये. स्वयंपाकघरातच कपडे बदलणाऱ्या कितीतरी बायका पाहुणा असेपर्यंत पहाटे पाचला उठतात, कुणाला न सांगता. तुम्ही वीस मिनिटं खाली जाऊन दूध आणलंत तरी ती तासभर झोपू शकते.

चार दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर एक संध्याकाळ मुद्दाम बाहेर काढा. शिवाजी पार्कला बसा, राणीच्या बागेत जा, गिरगाव चौपाटीवर फिरून या, आणि आधीच सांगून जा की जेवून साडेनऊला येईन. शक्य असेल तर मुलांनाही बरोबर न्या. नवरा-बायकोला आठवड्यात दोन तास भांडायलासुद्धा जागा लागते. ती भांडणं कानावर पडली तर ऐकली नाहीत असं वागा, मध्यस्थी करू नका, आणि एकाची बाजू दुसऱ्यापाशी तर कधीच घेऊ नका.

स्वयंपाकघर

फ्रीज, डबे, कपाट विचारल्याशिवाय उघडू नका. देवघराला आंघोळीआधी हात लावू नका, काही घरांत सोवळं असतं, तिथे स्वयंपाकघरात कुठपर्यंत जायचं ते विचारा. आपलं ताट आपण घासा किंवा निदान विसळून ठेवा. घरकामाला येणाऱ्या मावशींना आपली कामं सांगू नका, त्यांचे पैसे ठरलेल्या कामाचे असतात. जेवायला नसाल तर दुपारी बारापर्यंत कळवा, रात्रीच्या पोळ्या त्याप्रमाणे होतात. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतलं काहीही इमारतीत नको, जिन्यातही नको.

फोटो, पत्ता आणि प्रश्न

व्हिडिओ कॉल लावून गावी घर फिरवून दाखवू नका. मागे कुणीतरी गाऊनवर भांडी घासत असतं, कुणी उघड्या अंगाने बसलेलं असतं. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला घरातला फोटो टाकायचा तर त्यात असलेल्या प्रत्येकाला विचारा, मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईला. आपल्या मित्रांना त्या घरी बोलावू नका, खाली किंवा स्टेशनवर भेटा. बँक, आधार, कंपनीच्या कागदांवर तो पत्ता घालायचा असेल तर आधी विचारा आणि त्यांनी टाळाटाळ केली तर विषय सोडून द्या. घर भाड्याचं असेल तर त्यांना करारामुळे अडचण येऊ शकते. पार्सलसुद्धा न सांगता मागवू नका.

आता प्रश्न. पगार किती, हप्ता किती जातो, घर केवढ्याला पडलं, भाडं किती, मुलगा अजून लग्न का करत नाही, सुनेला दिवस कधी जाणार, सासूशी पटतं का. गावाकडे हे पारावर विचारले जातात आणि त्यात आपुलकीच असते. पण इथे तुम्ही त्यांच्या घरात आहात, उत्तर द्यायचं नसेल तर उठून जायला दुसरी खोली नाही. मुलांना एकटं गाठून हे विचारणं तर अगदीच चुकीचं. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐका.

मुक्काम लांबला तर

आठ-दहा दिवसांच्या पुढे राहणारा माणूस पाहुणा राहत नाही, घरातला होतो, मग त्याने घरातल्यासारखा वाटा उचलावा. पैसे हातात ठेवू नका, ते घेतले जाणार नाहीत आणि सगळ्यांना अवघड होईल. दूध, भाजी, फळं, आठवड्याचा किराणा यांतलं एक आपल्याकडे घ्या. "वहिनी, मी असेपर्यंत भाजी मी आणत जाईन, काय आणायचं ते सकाळी सांगा." मुलांचा अभ्यास घेणं, आजीला दवाखान्यात नेणं, वीजबिल भरून येणं, हेही चालतं.

नोकरी लागली असेल तर पहिल्या पगाराच्या सुमारास कॉट बेसिस (नुसत्या खाटेपुरती भाड्याची जागा) किंवा पीजी (पैसे देऊन राहायची खोली) शोधायला लागा आणि तसं घरात सांगून ठेवा. शोधायला महिना लागला तरी हरकत नाही. शोधताय हे दिसलं पाहिजे.

उपचारांसाठी आलात आणि केमो, रेडिएशन अशी लांबची तारीख असेल तर नातेवाइकांवर सगळा भार टाकू नका. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. टाटामध्ये समाजसेवा विभागात विचारलं तर राहण्याच्या अशा सोयींची माहिती मिळते. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून रुग्णाची कागदपत्रं घेऊन पहिल्याच आठवड्यात चौकशी करा. तिथे राहून रविवारी मामाकडे जेवायला जाणं दोन्ही घरांना बरं पडतं. रुग्णालाही, कारण आजारी माणसाला परक्या घरात उलटीची, केस गळण्याची लाज वाटत असते.

निघताना आणि त्यानंतर

आदल्या रात्री बॅग भरा. वापरलेली चादर आणि अभ्रा धुऊन टाका, नाहीतर काढून घडी करून वेगळे ठेवा. चावी हातात परत द्या, कुठेतरी ठेवून जाऊ नका. वडीलधाऱ्यांना नमस्कार करा, लहानांच्या हातावर खाऊला पैसे ठेवा. चार्जर, औषधं, बाथरूममधला साबण एकदा बघून घ्या, विसरलेली वस्तू कुरिअर करण्याचं काम त्यांच्यामागे लागतं. वाटेसाठी डबा दिला असेल तर तो धुऊन जपून ठेवा, पुढे जाणाऱ्या कुणाबरोबर परत पाठवा, आणि रिकामा पाठवू नका. घरी पोहोचलात की फोन करा, पुन्हा मामीलाही वेगळा.

आणि गावात कुणी विचारलंच, "काय रे, मामाचं घर केवढं आहे? कसं चाललंय त्यांचं?" तर "छान आहेत सगळे, माझं खूप केलं" एवढंच सांगा. खोली किती लहान, संडास कुठे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद, मुलगा किती वाजता घरी येतो, हे सगळं त्यांनी तुम्हाला दाखवलेलं नसतं. तुम्हाला राहायला जागा दिली म्हणून ते तुम्हाला दिसलं.